मोटार नसताना घोडेस्वारीचे साहित्य कसे न्यावे

घोडेस्वारी शिकणाऱ्याने स्वतःचे हेल्मेट आणि बूट घेतले की थोड्याच दिवसांत एक अडचण त्याच्या लक्षात येते. तबेला बहुधा वस्तीपासून लांब असतो, शेवटच्या थांब्यावर उतरल्यानंतरही काही अंतर चालावे लागते, आणि सोबतच्या सामानातली एकही वस्तू रोजच्या पिशवीत धड बसत नाही. हेल्मेट आतून पोकळ असूनही निम्मी पिशवी अडवते, उंच बुटांची घडी घालता येत नाही, आणि खोगीर कसेही धरले तरी कुठे ना कुठे टोचतेच. बस, रेल्वे आणि सायकल यांच्या आधाराने हे साहित्य अनेक वर्षे नेल्यानंतर माझे असे मत झाले आहे की ओझे किती भरते याचा विचार नंतर करावा आणि त्यातले काय बाहेरून न दिसता मोडू शकते याचा विचार आधी करावा. अशा वस्तू दोनच आहेत. एक हेल्मेट आणि दुसरा खोगिराच्या आतला सांगाडा. चिखल पुसता येतो, ओरखडा चालवून घेता येतो, तुटलेला पट्टा शिवून मिळतो. या दोन वस्तूंना बसलेला मार मात्र वरून कळत नाही, आणि त्याची झळ पुढे स्वाराच्या डोक्याला किंवा घोड्याच्या पाठीला लागते. म्हणून बांधाबांधीची सुरुवात नेहमी या दोन वस्तूंपासून करावी.

त्याही आधी काय न्यायचे नाही ते ठरवावे. प्रशिक्षणशाळेतील घोड्यांची खोगिरे त्या त्या घोड्याच्या पाठीची रुंदी आणि मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा पाहून निवडलेली असतात. एकाच्या पाठीवर नीट बसणारे खोगीर दुसऱ्याच्या पाठीला रुतू शकते, त्यामुळे शिकाऊ स्वाराने स्वतःचे खोगीर नेण्याची गरज नसते आणि शाळेला न विचारता ते नेऊही नये. लगाम, तंग (खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळण्याचा पट्टा), मोहरकी (घोड्याच्या तोंडावर बांधायची दोरी), खरारा (घोड्याचे अंग घासायचे साधन) या वस्तूही शाळेच्याच वापराव्यात. मग उरतात हेल्मेट, बूट, पोटरीवर बांधायचे हाफ चॅप्स, हातमोजे, ब्रिचेस (स्वारीची घट्ट विजार) आणि वापरत असाल तर छाती-पाठीचे संरक्षक जाकीट. हे सगळे मिळून साधारण चार किलोंच्या आसपास भरते आणि ३० ते ३५ लिटरच्या पाठीवरच्या पिशवीत मावते. पिशवी वरून उघडणारी असण्यापेक्षा सुटकेससारखी पूर्ण उघडणारी असेल तर फार सोयीचे पडते, कारण चिखलाचे बूट तळाशी गेले तरी बाकीच्या वस्तू त्यांना न हलवता बाहेर काढता येतात.

हेल्मेटबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त हेळसांड त्याचीच होते. कवचाच्या आत जो जाड थर असतो तो थर्माकोलच्याच जातीचा, पण अधिक घट्ट फोम असतो. डोके आपटते तेव्हा हा थर स्वतः दबतो आणि धक्क्याचा जोर आपल्यात जिरवतो. एकदा दबलेला भाग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, आणि वरचे कवच अखंड असल्यामुळे हेल्मेट पाहणाऱ्याला ते नव्यासारखेच वाटते. हनुवटीच्या पट्ट्याने पिशवीच्या बाहेर लटकवलेले हेल्मेट बसच्या खांबाला, डब्याच्या दाराला आणि सायकलच्या कॅरियरला आपटत राहते. त्यामुळे ते पिशवीच्या आत, सर्वांत वर आणि पाठीच्या बाजूला ठेवावे. त्याच्या पोकळीत हातमोजे, मोजे, घाम पुसायचा टॉवेल असे मऊ कापडच भरावे. पाण्याची बाटली, टाचेच्या आरा (घोड्याला इशारा देण्यासाठी बुटाच्या टाचेला लावायचे धातूचे टोक) किंवा खुरे साफ करण्याचा आकडा तिथे कधीही ठेवू नये, कारण असे टणक सामान आतून फोमवर दाब देते. कडक फरशीवर हेल्मेट जोरात पडले तर उत्पादकाच्या सूचना पाहून ते बदलण्याची तयारी ठेवावी. घोड्यावरून पडताना डोके आपटले असेल तर विचार करत बसू नये, ते हेल्मेट बाजूलाच काढावे.

सायकलने तबेल्याकडे जाणाऱ्यांना एक मोह नेहमी होतो, तो म्हणजे घोडेस्वारीचेच हेल्मेट डोक्यावर चढवून पिशवी हलकी करण्याचा. तसे करू नये. घोडेस्वारीच्या हेल्मेटची चाचणी पास ०१५ किंवा एएसटीएम एफ ११६३ अशा वेगळ्या मानकांनुसार होते, तर युरोपात सायकलच्या हेल्मेटसाठी ईएन १०७८ हे मानक आहे. पडण्याची उंची, आपटण्याची दिशा, खुराचा मार बसण्याची शक्यता या सगळ्या गोष्टी दोन्हींत वेगळ्या धरलेल्या असतात, म्हणून एकाचे काम दुसऱ्याकडून घेणे योग्य नाही. दोन हेल्मेटे बाळगणे गैरसोयीचे आहे हे खरे. तबेल्यात पोहोचल्यावर सायकलचे हेल्मेट सायकलपाशीच कुलपाच्या साखळीत अडकवून ठेवले की निदान तिथे तरी ते हातात वागवावे लागत नाही.

बूट घालून प्रवास करू नये, असे मी प्रत्येक नव्या स्वाराला सांगतो. घोडेस्वारीच्या बुटाचा तळ गुळगुळीत असतो आणि टाच स्पष्ट उठलेली असते. पाय रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, सहज निघावा म्हणून तळ गुळगुळीत ठेवलेला असतो, आणि पाय रिकिबीत पुढे घुसून अडकू नये म्हणून टाच ठेवलेली असते. रस्त्यावरून रोज चालल्याने ती टाच झिजते, म्हणजे नेमका सुरक्षिततेचा भाग झिजतो. शिवाय ओल्या पायऱ्यांवर आणि सायकलच्या पेडलवर हा तळ घसरतो. साधे बूट घालून निघावे आणि घोडेस्वारीचे बूट कापडी पिशवीत घालून न्यावेत. गुडघ्यापर्यंतचे बूट असतील तर त्यांच्या नळ्यांत गुंडाळलेला टॉवेल घालावा, म्हणजे घोट्यापाशी चामडे मोडत नाही. टाचेच्या आरा बुटांवर कधीच ठेवू नयेत, काढून वेगळ्या गुंडाळाव्यात. चाबूक लांब असेल तर चित्रकार कागद ठेवण्यासाठी वापरतात तशी प्लॅस्टिकची नळी घ्यावी. पिशवीतून वर डोकावणारी चाबकाची टोके गर्दीत नेमकी दुसऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. संरक्षक जाकिटाची घडी घालू नये. ते पिशवीत पाठीच्या बाजूला सपाट उभे राहते आणि बाकीचे टणक सामान पाठीला टोचण्यापासूनही वाचवते.

आता खोगिराकडे वळू. स्वतःचा घोडा असेल, स्पर्धेला जायचे असेल किंवा खोगीर दुरुस्तीला द्यायचे असेल तर ते नेण्यावाचून इलाज नसतो. इंग्लिश पद्धतीचे चामडी खोगीर रिकिबी आणि तंग धरून साधारण आठ ते बारा किलोंचे असते, कृत्रिम कापडाचे त्याहून हलके असते, आणि वेस्टर्न पद्धतीचे खोगीर पंधरा-वीस किलोंपर्यंत जाते. वेस्टर्न खोगीर पाठीवर घेण्याचा विचार सोडून द्यावा; ते चाकांवरच न्यावे.

खोगिराच्या आत लाकडाचा आणि पोलादी पट्ट्यांचा, किंवा नव्या बनावटीत कृत्रिम पदार्थाचा, सांगाडा असतो. स्वाराचे वजन घोड्याच्या मणक्यावर न पडता दोन्ही बाजूंच्या गाद्यांवर विभागले जावे, हे या सांगाड्याचे काम. खोगीर पडले, त्यावर कोणी बसले किंवा जड सामान त्यावर रचले गेले तर सांगाड्याला तडा जाऊ शकतो, आणि वरचे चामडे मात्र जसेच्या तसे राहते. प्रवासाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा त्याची तपासणी करण्याची सवय लावून घ्यावी. खोगिराचा पुढचा उंचवटा पोटाशी टेकवावा, मागचा उंचवटा दोन्ही हातांनी धरावा आणि आपल्याकडे ओढावा. स्प्रिंग असलेला सांगाडा किंचित दबतो आणि लगेच सरळ होतो, ते स्वाभाविक आहे. पण कुरकुर ऐकू आली, बैठकीच्या चामड्यावर आडवी सुरकुती पडली किंवा एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वाकली, तर ते खोगीर घोड्यावर न चढवता जाणकार कारागिराला दाखवावे. सांगाड्याच्या पुढच्या कमानीचे दोन्ही पाय हातांनी धरून एकमेकांकडे दाबून आणि बाहेर ताणूनही पाहावे. तिथे हालचाल मुळीच जाणवता कामा नये.

खोगीर बांधताना सर्वप्रथम रिकिबी पट्ट्यांसह काढून घ्याव्यात. पोलादी रिकिबींची जोडी जवळपास एक किलोची भरते, आणि प्रवासात खोगिराला सर्वांत जास्त इजा याच करतात. सुरुवातीच्या काळात मी एकदा रिकिबी न काढताच खोगीर हातावर घेऊन गर्दीच्या बसमध्ये चढलो. एका वळणावर रिकीब सुटून खाली आली, शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थांच्या गुडघ्यावर आदळली, आणि परतीच्या प्रवासात तिच्याच कडेने खोगिराच्या बाजूच्या चामड्यावर चंद्रकोरीसारखा खोल वण उठवला. तो वण आजही तसाच आहे. तेव्हापासून प्रत्येक रिकीब जाड लोकरी मोज्यात घालून, मोज्याला गाठ मारून, पिशवीच्या तळाशी ठेवण्याचा नियम मी पाळतो. पट्टे काढताना डावा कोणता आणि उजवा कोणता याची खूण आतल्या बाजूला करून ठेवावी. डाव्या बाजूने चढण्याच्या सवयीमुळे डावा पट्टा हळूहळू अधिक ताणला जातो, आणि अदलाबदल नकळत झाली तर दोन्ही रिकिबींची उंची का जुळत नाही हे शोधण्यात वेळ जातो. अदलाबदल करायची असेल तर ती ठरवून, नियमाने करावी.

तंग सोडवून त्याची दुहेरी घडी घालावी. खोगिराखालचा नमदा घट्ट गुंडाळून पुढच्या कमानीखालच्या पोकळीत सरकवावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी दाब आला तरी कमान आत दबत नाही. मग खोगिरावर सुती आवरण चढवावे आणि ते पिशवीत घालावे. खोगिरासाठी अस्तर लावलेल्या, खांद्यावर अडकवायचे दोन पट्टे असलेल्या पिशव्या मिळतात, आणि नियमित ने-आण करणाऱ्याने इतर कशाहीआधी अशी पिशवी घ्यावी असे मला वाटते. खोगिराची गाद्यांची बाजू आपल्या पाठीकडे आणि पुढचा उंचवटा वर असा ठेवला की ओझे शरीराजवळ राहते आणि मागे ओढत नाही. लगाम वेगळ्या पिशवीत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा गुंडाळून ठेवावा, आणि त्याचे बिट, म्हणजे घोड्याच्या तोंडात जाणारा धातूचा भाग, धुऊन, कोरडे करून कापडात गुंडाळावे, नाहीतर ते चामड्यावर घासते. थोडेच अंतर हातातून न्यायचे असेल तर खोगीर आडव्या हातावर, पुढचा उंचवटा कोपराच्या बाजूला येईल असे धरावे. मनगट मोकळे राहते आणि दार उघडता येते.

खाली ठेवताना मात्र घाई करू नये. खोगीर पुढच्या उंचवट्यावर उभे करावे, जमिनीवर आधी घडी घातलेला तंग किंवा कापड अंथरावे, आणि मागचा उंचवटा भिंतीला टेकतो तिथेही मध्ये कापड ठेवावे. ते आडवे टाकू नये, आणि त्यावर दुसरी कोणतीही वस्तू रचू नये.

चालण्याचे अंतर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक असेल तर घडीची ट्रॉली पाठीपेक्षा बरी पडते. ट्रॉली घेताना चाकांचा व्यास पाहावा, कारण छोटी टणक चाके प्रत्येक फटीत अडकतात आणि तो सगळा धक्का थेट सांगाड्यात जातो. ट्रॉलीच्या तळाशी गुंडाळलेला जाड टॉवेल ठेवून त्यावर खोगीर उभे करावे आणि बकल असलेल्या सपाट पट्ट्यांनी बांधावे. रबरी दोरीचे लोखंडी आकडे ताण पडून अचानक सुटतात आणि डोळ्याला गंभीर इजा करू शकतात, म्हणून ते मी वापरत नाही. पायऱ्या आल्या की ट्रॉली ओढत न्यायची नाही, उचलायची. उचलणे झेपत नसेल तर सामान दोन फेऱ्यांत न्यावे, किंवा लांबचा पण उताराचा मार्ग आधीच शोधून ठेवावा.

बस आणि रेल्वे यांत गर्दीची वेळ टाळणे हा निम्मा उपाय आहे, आणि धडा सकाळी उशिरा किंवा दुपारी ठरवून घेता येत असेल तर त्यासाठी शिक्षकांना अवश्य विनंती करावी. सामानाच्या आकाराबद्दलचे नियम त्या त्या सेवेचे वेगवेगळे असतात, ते आधी वाचावेत. वाहनात शिरण्यापूर्वी पाठीवरची पिशवी उतरवून पुढे धरावी, म्हणजे वळताना मागच्या माणसाला ती लागत नाही. खोगीर डोक्यावरच्या फळीवर ठेवू नये. अचानक ब्रेक लागला की दहा किलोंचे ते ओझे खाली येते, आणि त्यात माणसाला इजा होते तशीच सांगाड्यालाही होते. ते पायांमध्ये उभे धरणेच योग्य. आणखी एक गोष्ट सहप्रवाशांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. काही लोकांना घोड्याच्या केसांची आणि कोंड्याची खरीखुरी ॲलर्जी असते आणि त्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो. निघण्यापूर्वी नमदा आणि तंग ब्रशने झटकावेत, ते बंद पिशवीत ठेवावेत, परतताना कपडे बदलावेत, आणि कोणी जागा बदलण्याची विनंती केली तर ती आपणहून मान्य करावी.

सायकल हे हलक्या साहित्यासाठी उत्तम साधन आहे. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांमध्ये बूट आणि कपडे खाली, हेल्मेट वर, आणि दोन्ही बाजूंचे वजन जवळजवळ सारखे ठेवले की सायकल स्थिर चालते. कॅरियरवर किती भार चालतो ते बहुधा त्याच्यावरच छापलेले असते. मजबूत कॅरियरसाठी ही मर्यादा अनेकदा २५ किलोंची असते, साध्यांसाठी बरीच कमी. खोगीर कॅरियरवर घोड्याच्या पाठीसारखे बसवण्याची कल्पना सोपी वाटते, पण मी ती करून पाहून सोडून दिली. वजन उंचावर गेल्याने वळणावर सायकल कलते, आणि कॅरियरच्या अरुंद सळ्या गाद्यांच्या भरणात रुतून तिथे खळगे पडतात. खोगिरासाठी सायकलच्या मागे जोडायची दोन चाकांची गाडीच घ्यावी. तिच्या तळावर जाड फोम अंथरून, खोगीर त्यात गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवावे आणि ओझे चाकांच्या आसापेक्षा किंचित पुढे येईल असे बांधावे, कारण ओझे मागे गेले तर गाडीचा दांडा वर उचलला जातो आणि सायकलचे मागचे चाक हलके पडते. पट्ट्यांची मोकळी टोके खोचून घ्यावीत, नाहीतर ती चाकाच्या आऱ्यांत गुंततात. पहिल्यांदा तेवढ्याच वजनाची पोती ठेवून मोकळ्या जागेत वळणे आणि ब्रेक यांचा सराव करावा. स्कूटर किंवा मोटरसायकलवर चालकाच्या पाठीमागे खोगीर बांधायचे असेल तर ते आसनाच्या रुंदीत बसते का, पट्टे चाकापासून आणि तापलेल्या धुराड्यापासून दूर आहेत का, एवढे तरी पाहावेच. मांडीवर किंवा पायांमध्ये खोगीर ठेवून वाहन चालवू नये.

एका तबेल्यातून दुसऱ्यात साहित्य नेणाऱ्याने स्वच्छतेकडे विशेष लक्ष द्यावे. गजकर्णासारखा बुरशीचा त्वचारोग आणि स्ट्रँगल्स हा घोड्यांच्या श्वसनमार्गाचा जिवाणूजन्य रोग तंग, नमदे, ब्रश, लगाम आणि पाण्याच्या बादल्या यांच्यामार्फत एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. कापडी वस्तू धुऊन पूर्ण वाळवाव्यात, बिट आणि रिकिबी गरम पाण्याने साबण लावून धुवाव्यात, आणि ज्या तबेल्यात रोगाची साथ आहे तिथून साहित्य बाहेर काढूच नये.

विमानप्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो. हेल्मेट हातातल्या सामानात घ्यावे; चाबूक, आरा आणि खुरे साफ करण्याचा आकडा नोंदवलेल्या सामानात द्यावा. अनेक विमान कंपन्या एका नगाला २३ किलोंची आणि लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरची मर्यादा ठेवतात, तेव्हा खोगिराची पेटी मोजूनच घ्यावी. हवा भरून फुगणाऱ्या संरक्षक जाकिटात दाबलेल्या वायूची नळकांडी असते, तिच्यासाठी कंपनीची परवानगी तिकीट काढतानाच मागावी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे जनावरांसाठी वापरलेले साहित्य सीमेवर जाहीर करावे लागते आणि ते मातीचा कणही नसलेले लागते.

ज्यांना आठवड्यातून तीन-चार वेळा जायचे असते त्यांनी जड साहित्य तबेल्यातच ठेवण्याची सोय होते का ते विचारावे. कुलपाची पेटी, तीही उंदरांना शिरता येणार नाही अशी, असेल तर खोगीर तिथे सुखाने राहते. त्याच्यावर प्लॅस्टिक गुंडाळू नये, कारण आत ओल कोंडून चामड्याला बुरशी येते. सुती आवरणच ठेवावे. खोगिराच्या आतल्या बाजूला आपली खूण करून ठेवावी आणि त्याची छायाचित्रे काढून जवळ बाळगावीत. तरीही हेल्मेट मात्र मी प्रत्येक वेळी घरी आणतो, कारण सामायिक खोलीत ते कोणाच्या हातून पडले तर मला ते कळणार नाही.

पावसात पिशवीवर जलरोधक आवरण घालावे, पण घरी पोहोचताच ते काढावे. ओले चामडे हीटरजवळ किंवा उन्हात ठेवल्यास कडक होऊन तडकते. ते कोरड्या कापडाने टिपून हवेशीर सावलीत वाळू द्यावे आणि थोडा ओलावा शिल्लक असतानाच त्यावर चामड्याचा साबण फिरवावा. बुटांत कागदाचे बोळे भरून ते तासाभराने बदलावेत. हेल्मेटचे अस्तर सुटे होत असेल तर काढून धुवावे, आणि हेल्मेट बंद पिशवीत न ठेवता फळीवर उघडे ठेवावे. शेवटी मोज्यांतून रिकिबी काढून पुसाव्यात आणि ते मोजे पुढच्या फेरीसाठी लगेच पिशवीत परत टाकावेत.